युद्धपूर्व ब्रिटिश स्पोर्ट्‌स मोटारींची जुनी छायाचित्रे

दुसऱ्या महायुद्धाआधी ब्रिटनमध्ये बांधलेल्या स्पोर्ट्‌स मोटारींची त्या काळातली छायाचित्रे आणि त्यांच्या आधाराने एकेका गाडीचा इतिहास जुळवण्याचे काम, हा या नोंदीचा विषय आहे. एखादे मॉडेल कसे होते, हे कारखान्याच्या माहितीपत्रकातून कळते. छायाचित्र हाती घेणाऱ्याला विचारायचे असते ते वेगळेच : ही नेमकी कोणती गाडी, तेव्हा ती कोणाकडे होती, पुढे तिचे काय झाले, आणि आज तिच्या नावाने उभ्या असलेल्या गाडीत तेव्हाचे किती उरले आहे.

कालमर्यादा : ब्रिटनमध्ये या गाड्यांची वर्गवारी मुख्यतः १९३४ मध्ये स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लबने रूढ केली. १९३० अखेरपर्यंतची गाडी ‘व्हिंटेज’. त्यानंतरच्या युद्धपूर्व गाड्यांपैकी दर्जेदार मानल्या गेलेल्यांना ‘पोस्ट-व्हिंटेज थरोब्रेड’ म्हणतात. बेंटली, व्हॉक्सहॉल ३०/९८, साखळीने चाके फिरवणारी फ्रेझर नॅश, अ‍ॅस्टन मार्टिन, लगोंडा, टॅलबट, रायली, एमजी, एसएस जॅग्वार १०० आणि छोट्या ऑस्टिन सेव्हनचे वेगवान अवतार ही यातली परिचित नावे. यांपैकी दोन नावांशी आजच्या भारतीय वाचकाचा थेट संबंध आहे. जॅग्वार २००८ पासून मुंबईच्या टाटा मोटर्सकडे आहे, आणि आपल्या रस्त्यांवर दिसणारे ‘एमजी’ हे नाव मूळचे ऑक्सफर्डच्या ‘मॉरिस गॅरेजेस’चे.

छायाचित्रांची गरज का पडते : त्या काळी मोटार म्हणजे सांगाडा, इंजिन आणि वर बसवलेली बॉडी. तिन्ही वेगवेगळी होऊ शकत, आणि होतही. बेंटलीसारखा कारखाना फक्त चालता सांगाडा विकत असे. बॉडी गिऱ्हाइकाने पसंत केलेल्या कारागिराकडून बांधली जाई. शर्यतीची गाडी तर हंगामागणिक बदलायची. युद्ध सुरू झाल्यावर सप्टेंबर १९३९ मध्ये पेट्रोलचे रेशनिंग आले, १९४२ मध्ये खाजगी वापराचे पेट्रोल बंदच झाले आणि असंख्य गाड्या कोठारांत धूळ खात पडल्या. युद्धानंतर त्या स्वस्तात विकल्या गेल्या. कोणी एकीचे इंजिन दुसरीत घातले, कोणी सांगाडा आखूड केला. पुढे किमती चढल्या तेव्हा बंद टपाच्या जड बॉडी उतरवून त्याच सांगाड्यांवर ल मां या फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यतीतल्या गाड्यांसारख्या उघड्या बॉडी चढवण्याची लाट आली. आज दिसणारी एखादी देखणी उघडी बेंटली १९२८ मध्ये एखाद्या डॉक्टरची बंद कौटुंबिक गाडीही असू शकते. हे सांगायला बहुधा एकच साक्षीदार उरतो : त्या वेळचा फोटो.

एमजी के३ चे उदाहरण घ्यावे. इटलीतल्या १९३३ च्या मिल्ले मिल्या शर्यतीत या गाड्यांनी आपला वर्ग जिंकला, आणि त्याच वर्षी उत्तर आयर्लंडमधल्या आर्ड्‌सच्या रस्त्यांवर तात्सिओ नुवोलारीने के३ चालवून टूरिस्ट ट्रॉफी मिळवली. एकूण गाड्या बनल्या ३३. नंतरच्या काळात एमजीच्याच साध्या मॅग्नेट मोटारींवरून के३ च्या प्रतिकृती बऱ्याच बांधल्या गेल्या. त्यामुळे अस्सल ३३ पैकी एखादी ओळखताना बॉनेटचा पट्टा, तेलाच्या नळीची वाट, आरशाची जागा, इतक्या बारीक गोष्टी जुन्या फोटोंशी ताडून पाहाव्या लागतात.

छायाचित्रे कोणी काढली : पहिला मोठा साठा मोटार नियतकालिकांचा. ‘द ऑटोकार’ १८९५ पासून निघत होते. ‘मोटर स्पोर्ट’ १९२४ मध्ये ‘ब्रुकलंड्‌स गॅझेट’ या नावाने सुरू झाले. त्यांचे छायाचित्रकार काचेच्या प्लेटांवर काम करत. स्वतंत्र छायाचित्रकारांत विल्यम ब्रुनेल यांचे नाव आदराने घेतले जाते. प्रवासाला निघालेली गाडी, खेड्यातला पूल, ओला रस्ता अशी त्यांची चित्रे शर्यतीबाहेरचे मोटारजीवन दाखवतात. त्यांची मुलगी किटी ब्रुनेल स्वतः उत्तम चालक होती आणि १९३३ ची आरएसी (रॉयल ऑटोमोबाइल क्लब) रॅली तिने ‘एसी’ या ब्रिटिश कंपनीच्या गाडीतून जिंकली. लुई क्लेमँटास्की हा खरा तर शर्यतीत उतरू पाहणारा तरुण; १९३० च्या दशकाच्या आरंभी अपघातात जखमी झाल्यावर तो कॅमेऱ्याकडे वळला. गाडी कोणत्या वळणावर कशी वागेल हे त्याला चालकाइतके कळत होते, म्हणून त्याच्या चित्रांत चालकाचे खांदे आणि पुढच्या चाकांचा कोन हेच विषय होतात. युद्धपूर्व ब्रिटिश शर्यतींची याहून जिवंत चित्रे क्वचितच सापडतील.

तरीही गाडीच्या इतिहासाला सर्वांत उपयोगी पडतात ते नामवंतांचे फोटो नव्हेत. मोटर सायकलिंग क्लबच्या लंडन–एक्सेटर आणि लंडन–लँड्‌स एंड अशा लांब पल्ल्याच्या चाचण्यांत गाड्यांना चिखलाचे उभे चढ चढावे लागत. एक्समूरमधल्या ‘बेगर्स रूस्ट’सारख्या चढावर छायाचित्रकार ठाण मांडून बसत, येणारी प्रत्येक गाडी टिपत आणि प्रती स्पर्धकांना विकत. पोस्टकार्डाच्या आकाराच्या अशा प्रतीवर स्पर्धकाचा क्रमांक दिसतो. छापील कार्यक्रमपत्रिकेत त्या क्रमांकापुढे चालकाचे नाव असते. दोन्ही कागद शेजारी ठेवले की वर्ष, चढ, गाडी आणि माणूस एकदम हाती येतात. घरगुती कॅमेऱ्यातले फोटोही तितकेच मोलाचे, कारण त्यांत गाडी दारासमोर, नेहमीच्या स्थितीत उभी असते : टप अर्धवट दुमडलेला, मागे सुटे चाक, बॉनेटवर बसलेले मूल.

क्रमांकाची पाटी : १९०३ च्या कायद्याने १ जानेवारी १९०४ पासून ब्रिटनमध्ये प्रत्येक मोटारीला नोंदणी क्रमांक आवश्यक झाला. क्रमांक कौन्सिले देत आणि प्रत्येकीची अक्षरे ठरलेली असत : ऑक्सफर्ड शहराची ‘एफसी’, मिडलसेक्सची ‘एमटी’, सरेची ‘पीके’. अक्षरे संपत आल्यावर १९३२ पासून त्यांच्या आधी आणखी एक अक्षर जोडून तीन अक्षरी क्रमांक सुरू झाले. म्हणून तीन अक्षरांची पाटी दिसली की फोटो १९३२ च्या आधीचा नाही, एवढे तरी पक्के होते.

पाटी सांगते ते नोंदणीचे ठिकाण, कारखान्याचे नव्हे. १९३५ ची ल मां शर्यत जॉनी हाइंडमार्श आणि लुईस फाँतेस यांनी ज्या लगोंडातून जिंकली तिचा क्रमांक ‘बीपीके २०२’, म्हणजे सरेचा. लगोंडाचा कारखाना मिडलसेक्समधल्या स्टेन्सचा. पण ही गाडी शर्यतीसाठी तयार करणारे फॉक्स अँड निकोल सरेतल्या टोलवर्थचे होते. गंमत म्हणजे मिडलसेक्सच्या वाट्याला ‘एमजी’ हीसुद्धा अक्षरे आली होती, आणि एमजीच्या लंडनच्या विक्रेत्यांनी त्यांचा पुरेपूर उपयोग केला. त्यामुळे पाटीवर ‘एमजी’ असलेली एमजी फोटोत दिसली तर ती खोटी समजू नये.

पाटीवरून पुढचा दुवा सांगाड्याच्या क्रमांकाचा. तो कौन्सिलच्या नोंदवहीत आणि १९२१ पासून गाडीबरोबर फिरणाऱ्या लॉगबुकात लिहिलेला असे. १९७० च्या दशकात नोंदणी स्वान्सीच्या मध्यवर्ती कार्यालयाकडे गेली आणि जुन्या नोंदवह्या निरुपयोगी ठरल्या. बऱ्याच रद्दीत गेल्या. काही जिल्हा अभिलेखागारांनी ठेवल्या, काही ड्रॉइटविचच्या किटहेड ट्रस्टने वाचवल्या. जिथे नोंदवही गेली तिथे साखळीची मधली कडी तुटली. मग नुसत्या फोटोवरून पाटी कोणत्या सांगाड्यावर होती हे सिद्ध करता येत नाही. पाटी काढून दुसऱ्या गाडीला लावणे हे दोन स्क्रूंचे काम आहे.

पार्श्वभूमीचे पुरावे : तारीख नसलेल्या फोटोत गाडीपेक्षा रस्ता अधिक बोलतो. पादचाऱ्यांच्या रस्ता ओलांडण्याच्या जागेची खूण असलेला, नारिंगी गोळ्याचा खांब, म्हणजे ‘बेलिशा बीकन’, रस्त्याकडेला असेल तर चित्र १९३४ च्या आधीचे नाही. ताशी ३० मैलांची पाटी किंवा शिकाऊ चालकाचा ‘एल’ दिसला तर १९३५ किंवा नंतरचे. मडगार्डच्या कडांना पांढरा रंग आणि हेडलाइटवर झाकण म्हणजे युद्धातला सक्तीचा काळोख (ब्लॅकआउट) सुरू झाला आहे. गाडीचा साजही वर्ष सांगतो. एमजी जे२ १९३२ मध्ये आली ती सायकलसारखी, चाकाला बिलगलेली मडगार्ड घेऊन. १९३३ च्या उत्तरार्धात तिला पायरीपर्यंत वाहत येणारी लांब मडगार्ड मिळाली.

ब्रुकलंड्‌सचे चित्र ओळखायला वेगळा पुरावा लागत नाही. सरेतल्या वेब्रिजजवळ १९०७ मध्ये सुरू झालेला, वळणांवर काँक्रीटच्या उंच भिंतीसारखा उभारलेला असा धावमार्ग ब्रिटनमध्ये दुसरा नव्हता. शेजारच्या रहिवाशांच्या तक्रारींमुळे १९२० च्या दशकाच्या मध्यापासून तिथे मोठा सायलेन्सर सक्तीचा झाला. गाडीच्या कुशीला माशाच्या शेपटीसारखे टोक असलेला तो डबा दिसला की चित्र त्यानंतरचे. १९३९ मध्ये मार्ग बंद झाला आणि पुन्हा शर्यतींसाठी उघडला नाही.

कॅमेऱ्याची फसवणूक : जुन्या फोटोवरून गाडीचा रंग सांगू नये. तेव्हाच्या बहुतेक स्वस्त फिल्मा ऑर्थोक्रोमॅटिक होत्या; १९३१ मध्ये आलेली कोडॅकची लोकप्रिय व्हेरिक्रोमही तशीच. अशा फिल्मला लाल रंग दिसत नाही. लाल गाडी जवळजवळ काळी उमटते, निळी फिकट पडते. हल्ली यंत्राकडून जुन्या फोटोंना आपोआप रंग भरले जातात आणि तेच पुढे पुरावा म्हणून फिरतात. हे थांबायला हवे; करड्या छटेत जो रंग शिल्लकच नाही तो यंत्र कुठून आणणार?

वेगात असलेल्या गाडीची चाके जुन्या चित्रांत पुढे कललेली, लंबगोल दिसतात. पडदा-शटरची अरुंद फट प्लेटवरून सरकेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते, त्याचा तो परिणाम. निगेटिव्ह उलटी छापली गेल्याचेही प्रकार आहेत. ब्रिटिश गाडीचे स्टिअरिंग डावीकडे दिसले तर निर्यातीची गाडी म्हणण्याआधी प्रत उलटी करून पाहावी.

दोन ‘ओल्ड नंबर वन’ : फोटो आणि इतिहास यांचे नाते समजायला एकाच टोपणनावाच्या दोन गाड्या पुरेत. पहिली एमजीची. मॉरिस गॅरेजेसचे व्यवस्थापक आणि एमजीचे जनक सेसिल किम्बर यांनी १९२५ च्या ईस्टरला लँड्‌स एंड चाचणीत चालवलेली ‘एफसी ७९००’. तिची छायाचित्रे ‘पहिली एमजी’ म्हणून छापली जातात. गाडी अस्सल, फोटो अस्सल, मजकूर मात्र चुकीचा. एमजी नावाच्या मोटारी १९२४ मध्येच विकल्या जात होत्या. नंतरच्या प्रसिद्धीने दिलेले नाव फोटोखाली चिकटून बसले.

दुसरी बेंटलीची, आणि तिची कहाणी फार खोल जाते. ‘एमटी ३४६४’ क्रमांकाची स्पीड सिक्स १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे ल मां जिंकली. दोन्ही वर्षांची छायाचित्रे लगेच वेगळी ओळखता येतात : पहिल्या वर्षी अंगावर १, दुसऱ्या वर्षी ४. मग तिचा कायापालट झाला. १९३१ मध्ये नव्या रूपात तिने ब्रुकलंड्‌सची ५०० मैलांची शर्यत जिंकली. १९३२ मध्ये आठ लिटरचे इंजिन घातलेली हीच गाडी त्याच शर्यतीत भिंतीवरून पलीकडे गेली आणि चालक क्लाइव्ह डन्फी मृत्युमुखी पडला. उरलेल्या भागांवर पुढे बंद टपाची कूपे बांधली गेली.

१९९० मध्ये ती एक कोटी पौंडांना विकण्याचा सौदा झाला आणि ही ‘ओल्ड नंबर वन’च आहे का, हा वाद लंडनच्या उच्च न्यायालयात गेला. जुन्या चित्रांतली आणि समोरची गाडी भाग लावून तपासली गेली. १९२९ चे खात्रीने सांगता येईल असे जवळजवळ काही नव्हते, १९३० चे भाग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी गाडी अस्सल ठरवली, कारण ती कधी नाहीशी होऊन पुन्हा ‘निर्माण’ झालेली नव्हती; एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना तिचा धागा कुठेही तुटला नव्हता. हा निकाल योग्य वाटतो. मोटारीचे लोखंड बदलते. १९२९ पासून प्रत्येक रूप कोणी ना कोणी टिपून ठेवले असेल तर तो धागा डोळ्यांनी पाहता येतो.

जतन : सर्वांत मोठे सार्वजनिक संग्रह हॅम्पशरमधल्या ब्यूली येथील नॅशनल मोटर म्युझियमकडे आहेत, ब्रुकलंड्‌सच्या जागीही संग्रहालय आहे. पण बहुसंख्य फोटो अजून घराघरांतल्या अल्बमांत असतात आणि वारसांकडून विक्रीला येतात. विक्रेते अनेकदा अल्बम फोडून सुटे फोटो विकतात, आणि मोठे नुकसान तिथेच होते. अल्बमच्या एका पानावर तीच गाडी चार ठिकाणी दिसते, एकात पाटी वाचता येते, दुसऱ्यात बिघडलेल्या चाकाशी वाकलेला मालक. पाने सुटी झाली की पाटी एकाकडे जाते, माणूस दुसऱ्याकडे. फोटो स्कॅन करताना मागची बाजूही करावी. तिथे पेन्सिलीने लिहिलेले गावाचे नाव, छापखान्याचा शिक्का किंवा नुसते ‘विकण्याआधी’ असे दोन शब्द असू शकतात.