तपासणीचा उजेड

अंधेरीच्या एमआयडीसीत नाहीतर वसईच्या एखाद्या गाळ्यात माल तपासायला मशीन व्हिजन, म्हणजे कॅमेरा आणि संगणकानं दोष शोधणारी यंत्रणा, बसवायचं ठरलं, की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला: कॅमेरा किती मेगापिक्सेलचा घ्यायचा? खरं तर तो तिसरा-चौथा प्रश्न. पहिला प्रश्न उजेडाचा, आणि मुंबईला तो फार जुना आहे.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवच्या सूतगिरणीसाठी कंपनी काढली. पुढच्या काही दशकांत परळ-लालबाग गिरण्यांनी भरून गेलं. त्यातल्या कितीतरी गिरण्यांची छपरं करवतीच्या दात्यांसारखी होती, आणि दात्याच्या उभ्या बाजूची काच उत्तरेकडे. थेट ऊन आत येऊ नये, पण दिवसभर सारखा उजेड मिळावा, एवढाच हेतू. (मुंबईत साधारण १५ मेपासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, पण त्यातला बराच काळ ढग त्याला झाकून ठेवतात.) साच्यावरून, म्हणजे मागावरून, उतरलेलं कापड फोल्डिंग खात्यात यायचं. तुटलेला ताणा, तेलाचा डाग, भोक, सगळं माणसाच्या नजरेनं टिपायचं. कापडधंद्यात पुढे चार गुणांची पद्धत रूढ झाली: ३ इंचांपर्यंतच्या दोषाला १ गुण, ९ इंचांपेक्षा मोठ्याला ४. दोष कशाला म्हणायचं, हे आधी कागदावर ठरवायची शिस्त अशा पद्धतींनी लावली. कॅमेऱ्याच्या कामात आजही तीच सगळ्यात जास्त टाळली जाते.

नजर थकते, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये ते मोजून दाखवलं: एकसुरी पहाऱ्यावरचा माणूस अर्ध्या तासातच खुणा चुकवू लागतो. त्याच सुमारास, १९४७-४८ मध्ये, संख्याशास्त्रीय गुणनियंत्रणाचे जनक वॉल्टर शेवार्ट भारतात येऊन गेले. प्रत्येक नग पाहण्यापेक्षा प्रक्रियेवर लक्ष ठेवा, हा त्यांचा विचार. घाटकोपरची वस्त्रसंशोधन संस्था, ‘बीटीआरए’, १९५४ ची.

यंत्राला डोळा मिळायला वेळ लागला. रसेल कर्श यांनी १९५७ मध्ये आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकात उतरवला, तो १७६ बाय १७६ ठिपक्यांचा. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सीसीडीचा, म्हणजे उजेडाचं विद्युत संकेतांत रूपांतर करणाऱ्या चिपचा, शोध लागला, आणि ऐंशीच्या दशकात अमेरिकेत कारखान्यांसाठी तयार तपासणी यंत्रं विकली जाऊ लागली. इकडे १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. त्यानंतर फोल्डिंग खात्यांतली ती नजर कुठे विखुरली, याची नोंद कोणी ठेवली नाही.

सुरुवातीच्या बऱ्याच यंत्रांना काळं आणि पांढरं एवढंच कळायचं. म्हणून वस्तूच्या मागे दिवा ठेवून तिची सावली पाहायची. योजना आखणाऱ्याची निम्मी अक्कल दिव्यात जायची. आजही हिशेब फार बदललेला नाही. समजा, कॅमेऱ्याला १०० मिमी रुंदी पाहायची आहे, ०.२ मिमीचा दोष पकडायचा आहे आणि त्या दोषावर निदान ३ पिक्सेल हवेत. मग आडवे १५०० पिक्सेल पुरतात. महागडा कॅमेरा लागत नाही. पण माल वाहून नेणारा पट्टा सेकंदाला ५०० मिमी धावत असेल आणि शटर १/१००० सेकंद उघडं राहिलं, तर चित्र अर्धा मिमी फराटतं आणि दोष त्यात विरून जातो. १/१०,००० वर आणलं, की फराटा ०.०५ मिमी. मात्र उजेडही दहापट कमी होतो, तो दिव्यानं भरून काढावा लागतो.

२०१२ नंतर डीप लर्निंग, म्हणजे नमुन्यांची चित्रं दाखवून संगणकाला शिकवायची पद्धत, आलं आणि ‘आता सॉफ्टवेअर बघून घेईल’ असं लोक सर्रास बोलू लागले. कापडाच्या पोतासारख्या, शब्दांत न सापडणाऱ्या दोषांना त्याचा उपयोग आहेच. पण छपरातल्या पारदर्शक पत्र्यातून दुपारी चारचं ऊन नेमकं पट्ट्यावर उतरलं, की चांगला मालही बाद व्हायला लागतो. मी पाहिलेल्या एका गाळ्यात महिनाभर सेटिंग बदलून झाली. शेवटी कॅमेऱ्याभोवती काळ्या पत्र्याची पेटी केली आणि दिवा आत घेतला.