ट्रिप्टोफॅन क्रमांक 214

ठाण्याच्या तलावपाळीला सकाळच्या फेऱ्या मारताना माझ्या सोबतीला एक काका असतात. त्यांची हृदयाची झडप बदललेली आहे, म्हणून रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनची गोळी रोज चालू. परवा त्यांनी चालता चालता मोबाइल माझ्यापुढे धरला. "हे वाचा. कालपासून कांदा बंद."

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर होता. कांद्यातलं क्वेरसेटिन रक्तात गेलं की तिथल्या प्रथिनाला चिकटलेल्या वॉरफॅरिनला हुसकावून लावतं, मोकळ्या झालेल्या गोळीचा जोर अचानक वाढतो आणि रक्तस्राव होतो, असा.

गंमत म्हणजे यातलं निम्मं विज्ञान खरं आहे. आणि त्या निम्म्यावर माझा जुना जीव आहे, कारण एमएस्सीला असताना चार महिने मी त्याच्याच पाठी प्रयोगशाळेत बसलो होतो.

ते प्रथिन म्हणजे अल्ब्युमिन. यकृत रोज सुमारे 10 ते 15 ग्रॅम तयार करतं. लिटरभर रक्तद्रवात ते 35 ते 50 ग्रॅम असतं. 585 अमिनो आम्लांची एकच लांब साखळी, घडी पडून पत्त्यांतल्या बदामासारखी झालेली. पाण्याशी ज्यांचं पटत नाही अशा रेणूंना रक्तातून हिंडवणं हे त्याच्या कामांपैकी एक: मेदाम्लं, बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य), कितीतरी औषधं. वनस्पतींतली बरीच रसायनं याच पंगतीतली. कांद्यातलं क्वेरसेटिन, हळदीतलं कर्क्युमिन, दोन्ही पाण्यात नीट विरघळत नाहीत आणि अल्ब्युमिनच्या खोबणीत मात्र छान बसतात. औषधांसाठी अशा दोन मुख्य खोबणी आहेत, हे 1975च्या सुमारास गिलियन सडलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. पहिलीत वॉरफॅरिन बसतं, दुसरीत आयबुप्रोफेन हे वेदनाशामक. क्वेरसेटिनलाही पहिलीच आवडते. काकांच्या मोबाइलवरची भानगड इथून सुरू होते.

(इथे स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षाची उपमा द्यायचा मोह होतो. पण रिक्षा काही बसणाऱ्याच्या अंगलटीप्रमाणे आपला आकार बदलत नाही. अल्ब्युमिन बदलतं.)

आता, रेणू खोबणीत बसला हे कळतं कसं? ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लावर 295 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश टाकला, की ते 340-350 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश परत सोडतं. हाही अतिनीलच, आपल्याला दिसत नाही, यंत्राला दिसतो. माणसाच्या अल्ब्युमिनमध्ये 585 पैकी ट्रिप्टोफॅन एकच आहे, 214व्या जागेवर. आणि ही जागा नेमकी त्या पहिल्या खोबणीला लागून! गायीच्या अल्ब्युमिनमध्ये दोन ट्रिप्टोफॅन आहेत, तिथे कोणाचा उजेड कमी झाला याचा घोळ होतो. आपल्याकडे घरात दिवा एकच. क्वेरसेटिनचं द्रावण थोडं थोडं घालत जा, दिवा मंद होत जातो.

पण नुसतं मंद होणं हा पुरावा नव्हे. इकडेतिकडे फिरणारा रेणू येऊन धडकला तरी ट्रिप्टोफॅनची ऊर्जा हिरावली जाते आणि उजेड कमी होतो. मग धडक की बैठक? इथे जरा नेट धरा. उत्तेजित ट्रिप्टोफॅन जेमतेम काही नॅनोसेकंद टिकतं, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या हिशेबात. तेवढ्या वेळात धडक व्हायला हवी. पाण्यात रेणू किती वेगाने एकमेकांपर्यंत पोचू शकतात याला निसर्गाचीच एक कमाल मर्यादा आहे. प्रयोगात दिसलेली मंदी निव्वळ धडकांनी आली असं धरून वेग काढला, तर तो या मर्यादेच्या सुमारे हजारपट येतो. अशक्य. म्हणजे क्वेरसेटिन धडकायला आलेलंच नव्हतं, ते आधीपासून शेजारी बसून होतं. ताळा पाहायचा तर नमुना थोडा गरम करा. धडका असत्या तर उष्णतेने वाढल्या असत्या आणि उजेड आणखी घटला असता. बैठक असेल तर ती उष्णतेने सैल होते आणि उजेडाची घट कमी होते. इथे दुसरं दिसतं. विसाव्या वर्षी हा युक्तिवाद पहिल्यांदा समजला तेव्हा त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

एक खोड मात्र सांगायला हवी. क्वेरसेटिन स्वतःही अतिनील प्रकाश शोषतं, त्यामुळे दिवा न विझताही काच काळी झाल्यासारखा उजेड कमी दिसतो. ही दुरुस्ती न करता मोठमोठे आकडे छापणारे कमी नाहीत.

आता काकांचा हिशेब. क्वेरसेटिनची पकड अशी, की लिटरमागे साधारण 10 मायक्रोमोल (रेणूंची संख्या मोजायचं एक माप) मोकळं अल्ब्युमिन असलं तरी निम्मे रेणू चिकटलेले सापडतात. रक्तद्रवात अल्ब्युमिन आहे सुमारे 600 मायक्रोमोल. म्हणजे शंभरातले जेमतेम दोन मोकळे. पण भरपूर कांदा खाल्ला तरी रक्तात क्वेरसेटिनची रूपं पोचतात फार तर काही मायक्रोमोल. वॉरफॅरिनही तेवढंच. सहाशे पाटांवर दहा-पंधरा जण जेवायला बसलेत, कोण कोणाला उठवणार? शिवाय कांद्यातलं क्वेरसेटिन रक्तात जसंच्या तसं येतच नाही. आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात त्याला ग्लुकुरॉनिक आम्ल किंवा सल्फेट जोडलं जातं. परीक्षानळीत मी घातलेला रेणू काकांच्या रक्तात जवळजवळ नसतोच.

हुसकावणं कधीच घडत नाही असंही नाही. 1950च्या दशकात अमेरिकेत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना संसर्ग टाळायला सल्फा औषध दिलं गेलं. त्याने अल्ब्युमिनवरचं बिलिरुबिन सुटलं, मेंदूत गेलं आणि बाळं दगावली. पण तिथे अल्ब्युमिन कमी, यकृत कच्चं, आणि औषध भरपूर.

  

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे कांदा खाऊ?"

"खुशाल खा. गोळीचं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नका."

तेवढ्यात आम्ही जांभळी नाक्याशी आलो होतो आणि काकांनी मेथीच्या चार जुड्या घेतल्या, थंडी सुरू झाली म्हणून. मला थांबावंच लागलं. मेथी-पालकात के जीवनसत्त्व भरपूर, आणि वॉरफॅरिनचं सगळं काम या जीवनसत्त्वाच्या विरोधात चालतं. कधी नाही आणि अचानक आठवडाभर रोज मेथी, असं झालं की गोळीचा असर घटतो आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा, खाली येतो. यात अल्ब्युमिनचा काही संबंध नाही.

"मेथी सोडायची नाही," मी म्हटलं, "पण दर आठवड्याला साधारण सारखीच खायची."

काकांनी दोन जुड्या परत केल्या आणि त्या पैशांत अर्धा किलो कांदे घेतले.