एका बेडक्यातलं जंतूंचं गणगोत

सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसं बिघडवणाऱ्या जन्मजात आजाराच्या मुलाच्या कल्चर रिपोर्टवर (कफातले जंतू लॅबमध्ये वाढवून केलेल्या तपासणीवर) 'स्यूडोमोनास एरुजिनोसा' हे नाव आणि खाली अँटिबायोटिक्सची यादी पाहिली, की छातीत एकच जंतू आहे असं वाटतं. खरं तर तिथे एकाच कुळातलं मोठं गणगोत नांदत असतं.

आजाराचं मूळ सातव्या गुणसूत्रावरच्या सीएफटीआर जनुकात. ते १९८९ मध्ये सापडलं. ते बिघडलं की कफ गोंदासारखा चिकट होतो. त्यात शिरलेला स्यूडोमोनास वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो आणि तिथेच बदलत जातो. त्याच्या जीनोममध्ये, म्हणजे सगळ्या डीएनएत, सुमारे ६३ लाख अक्षरं असतात, पण एखादं चुकलं तरी पुरतं. म्यूक-ए जनुक बिघडलं तर जंतू अल्जिनेट या चिकट पदार्थाचं जाड आवरण पांघरतो. लॅबमध्ये जंतू वाढवायच्या प्लेटवर त्याची कॉलनी (जंतूंचा ठिपक्यासारखा पुंजका) ओली, बुळबुळीत, एकमेकींत मिसळलेली दिसते. लास-आर बिघडलं तर कॉलनीवर धातूसारखी चमक येते. सगळ्यात वाईट म्हणजे म्यूट-एस बिघडणं. मग डीएनएच्या चुका दुरुस्तच होत नाहीत आणि औषधाला दाद न देणारे प्रकार भराभर निपजतात. फुप्फुसाच्या वरच्या आणि खालच्या भागांतले जंतूही वेगळे निघू शकतात.

म्हणून लॅबने एकच कॉलनी उचलून तपासली तर बाकीचे निसटतात. वेगळी दिसणारी प्रत्येक कॉलनी तपासायला हवी. त्यासाठी फॉर्मवर 'सिस्टिक फायब्रोसिस' असं ठळक लिहा. नाहीतर नेहमीच्या नमुन्यासारख्या प्लेट लवकर टाकून दिल्या जातात, सावकाश वाढणाऱ्या बारीक कॉलनी दिसतच नाहीत आणि बर्कहोल्डेरिया या दुसऱ्या जंतूसाठी लागणारी वेगळी प्लेटही लावली जात नाही.

नमुना सकाळचा, साध्या पाण्याने चूळ भरून, खोकून काढलेला, लाळ नको. तो दोन तासांत लॅबमध्ये पोचावा. ठाण्यात घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये अडकायची शक्यता असेल तर डबी बर्फाच्या पॅकसोबत न्या, उन्हात तापू देऊ नका. बेडका काढता न येणाऱ्या लहानग्याचा खोकल्यानंतर घशाचा स्वॅब घेतात.

रिपोर्टवर टोब्रामायसिन या अँटिबायोटिकपुढे 'रेझिस्टंट' (जंतू दाद देत नाही) आलं म्हणून नेब्युलायझरमधून घ्यायचं तेच औषध (३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, २८ दिवस चालू, २८ दिवस बंद) स्वतःहून थांबवू नका. चाचणीची मर्यादारेषा रक्तात पोचणाऱ्या मात्रेवर बेतलेली असते. वाफेतून कफात त्याच्या कितीतरी पट औषध उतरतं. याउलट कागदावर 'सेन्सिटिव्ह' असूनही खोकला हटत नाही, तेव्हा तपासलेल्या कॉलनीचे भाऊबंद कामाला लागलेले असू शकतात. अशा वेळी मागचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून डॉक्टरांसमोर ठेवा.