फोकलोअर (व्हिडिओ गेम)

फोकलोअर हा आयर्लंडमधील लोकसमजुतींवर बेतलेला, ॲक्शन रोल-प्लेइंग (पात्राची भूमिका घेऊन लढत पुढे जाण्याच्या) प्रकारातील जपानी व्हिडिओ गेम आहे. योशिकी ओकामोतो यांनी स्थापन केलेल्या गेम रिपब्लिक या कंपनीने तो तयार केला आणि सोनीने २००७ मध्ये केवळ प्लेस्टेशन ३ साठी प्रकाशित केला. जपानमध्ये तो ‘फोक्स सोल’ या नावाने आला.

कथा घडते ती क्लेअर परगण्यातील डूलिन या समुद्रकाठच्या गावात. हे गाव काल्पनिक नाही. मोहरच्या कड्यांजवळचे हे खरे गाव पारंपरिक संगीतासाठी ओळखले जाते. मृत मानलेल्या आईचे पत्र आल्याने एलन ही तरुणी तेथे येते, तर गूढविषयक मासिकाचा संपादक कीट्स एका खुनाच्या मागावर असतो. दिवसा गावात चौकशी करायची आणि रात्री मृतांच्या लोकात उतरायचे, असा खेळाचा क्रम आहे. ३१ ऑक्टोबरच्या रात्री सुरू होणाऱ्या साविन या प्राचीन सणात जिवंत आणि मृत यांच्यातील सीमा विरळ होते, ही आयरिश समजूत या रचनेच्या मुळाशी आहे. आयरिश पुराणकथांतील कू हुलिनसारख्या वीरांच्या गाथांना येथे फारसे स्थान नाही, आणि खेळाचे वेगळेपण बहुधा त्यातच आहे. माणसाने मृत्यूविषयी जे कल्पिले त्यातूनच हा परलोक घडला आहे, असे कथानक मानते. म्हणून त्यात परीलोक आहे, तशीच युद्धातील मरणाच्या भीतीतून उभी राहिलेली, सदैव धुमसणारी रणभूमीही आहे.

परलोकातील जीवांना ‘फोक’ म्हणतात. फोक हतबल झाला की त्याचा आत्मा शरीराबाहेर तरंगू लागतो. तेव्हा हातातील कंट्रोलर झटक्याने वर उचलून तो आत्मा खेचून घ्यावा लागतो. काही आत्मे मात्र एवढ्याने हाती लागत नाहीत, त्यांच्यासाठी कंट्रोलर डावी-उजवीकडे हलवत झुंजावे लागते. असे पकडलेले फोक कंट्रोलरच्या चार बटणांना जोडले की तेच खेळाडूची शस्त्रे होतात. कोणता फोक कोणावर प्रभावी ठरेल, याचे संकेत वाटेत सापडणाऱ्या चित्रपुस्तकाच्या पानांत दडलेले असतात.

कथेचा बराचसा भाग चित्रकथेसारख्या चौकटींतून उलगडतो आणि केंजी कावाई यांच्यासह इतरांचे संगीत त्याला साथ देते. शेवटापर्यंत पोहोचण्यासाठी एलन आणि कीट्स या दोघांचीही प्रकरणे पूर्ण करावी लागतात. मात्र दोघांना बहुतांशी त्याच प्रदेशांतून जावे लागत असल्याने दुसरी फेरी काहीशी कंटाळवाणी होते.