घराची आवराआवर आणि मनाचा ताण (खानदेश)

मन अस्वस्थ असताना सगळे घर आवरायला काढणे, ही ताण हलका करण्याची घरगुती रीत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत तिची सवय सणांतून लागते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही खानदेशातली देवी घरी बसते. तिच्या रोटाआधी (उत्सवाआधी) घर धुऊन, पुसून, जमल्यास रंगवून घेतात. आखाजीला (अक्षय्य तृतीया) लेकी माहेरी येतात, नवरात्रात घट बसतात. त्याआधीही झाडझूड होते. पुढे कपाशीचा भाव पडला, वादळात केळी आडवी झाली, घरातले कुणी दवाखान्यात असले, की हात त्याच कामाकडे वळतात.

काम वरून खाली चालते: जळमटे, मांडणीवरचे डबे, धान्याच्या कोठ्या, शेवटी फरशी, मातीच्या घरात शेणाचे सारवण. पितळी भांड्यांना चिंचेचा कोळ चोळला की त्यातल्या आम्लाने काळपट थर सुटतो आणि बोटांखाली पिवळा रंग उघडा पडतो. केलेल्या कष्टाचे फळ इतक्या लवकर डोळ्यांना दिसते, असे चिंतेच्या दिवसांत दुसरे फारसे काही नसते. गोधड्या धुणे त्याहून मोठे काम. भिजलेली गोधडी एकटीला पिळवत नाही. दोन टोकांना दोघी उभ्या राहून उलट दिशांनी पीळ देतात. एरवी तोंडातून न निघणारी गोष्ट अशा वेळी शेजारणीजवळ सहज निघते. मन मोकळे होण्यात या सोबतीचा वाटा साबण-पाण्याइतकाच मोठा मानायला हवा.

संशोधनातून याला काही दुजोरा मिळतो. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सहभागींना भाषणाची धास्ती घालून एक वस्तू पुसायला दिली. ज्यांची चिंता वाढली त्यांच्या हातांच्या हालचाली अधिक ठरावीक आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या झाल्या. परिस्थिती हाताबाहेर गेली की माणूस ओळखीच्या क्रमात आधार शोधतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. त्याच वर्षीच्या अमेरिकेतल्या अभ्यासात 51 विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी साबणाचा वास, पाण्याची ऊब यांकडे लक्ष देत भांडी घासली, त्यांची बेचैनी कमी झाली. नुसती घासणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही. 2010 च्या एका अभ्यासात आपले घर पसाऱ्याचे वाटणाऱ्या स्त्रियांमध्ये कॉर्टिसॉल या ताणाशी जोडलेल्या संप्रेरकाची दिवसभरातली घट मंदावलेली आढळली.

मात्र हे काम बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येते. स्वतःहून हाती घेतलेली आवराआवर मन निववते. पाहुणे येणार म्हणून सासरच्या धाकाने केलेली तीच आवराआवर ताण वाढवते. हा फरक लक्षात न घेता कुणालाही हा उपाय सुचवणे अन्यायाचे आहे. एप्रिल-मेच्या उन्हात तर जड काम सकाळीच उरकणे बरे. ब्लीचिंग पावडर आणि फरशीचे ॲसिड एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

कर्ज किंवा आजारपण घर आवरल्याने टळत नाही. ते सोसायला थोडी उसंत मिळते. स्वच्छ जागा पुन्हा पुन्हा पुसल्याशिवाय चैन न पडणे, झोप आणि जेवण सुटेपर्यंत घासत राहणे ही मंत्रचळाची (ओसीडी या मानसिक विकाराची) लक्षणे असू शकतात. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.