हलकी अंतर्भिंत : भूकंपातील वर्तन

इमारतीचा भार न पेलता फक्त खोल्या वेगळ्या करणारी, कमी वजनाची आतली भिंत. बोलीभाषेत ‘पार्टिशन’. सातारा, कराड, सांगली येथील नव्या बांधकामांत ती ‘सिपोरेक्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची किंवा पत्र्याच्या चॅनलवर स्क्रूने बसवलेल्या जिप्सम बोर्डांची असते. जावळी-पाटणच्या डोंगरात ही कल्पना जुनीच आहे. कारवीच्या काठ्या उभ्या करून शेणमातीने लिंपलेला कुड हादऱ्यात लवतो, लिंपण झडते, पण अंगावर दगड पडत नाहीत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला ६.३ रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला, तेव्हा मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी मोठी हानी केली. कोयना परिसर २००२ व २०१६ च्या भारतीय मानकांत भूकंपक्षेत्र चारमध्ये, म्हणजे जास्त धोक्याच्या पट्ट्यात, आहे. शिराळा तालुक्याजवळच्या वारणा जलाशयाच्या भागातही धक्के बसत आले आहेत.

वजनाचा हिशेब साधा आहे. तीन मीटर लांब, तीन मीटर उंच चार इंची विटांची भिंत गिलाव्यासह सुमारे दोन टन भरते. त्याच मापाची सिपोरेक्सची भिंत गिलाव्याशिवाय अर्ध्या टनाच्या आसपास, तर दोन्ही बाजूंना बोर्डाचा एकेक थर असलेली जिप्समची भिंत पाव टनाच्या आत. जमीन हलते तेव्हा भिंतीवर येणारे बल तिच्या वजनाच्या प्रमाणात असते. म्हणून हलकी भिंत स्वतःवर कमी बल ओढवून घेते आणि कॉलम-बीमवरचा बोजाही घटवते.

तरीही हलकी म्हणजे सुरक्षित, असे समजणे धोक्याचे आहे. सिपोरेक्स हलका असला तरी ठिसूळ असतो. भिंतीवर संकट दोन दिशांनी येते. एक आडवे : धक्का भिंतीच्या तोंडावर बसतो आणि वरची कड पकडलेली नसेल तर ती खोलीत कोसळते. वरच्या मजल्यांवर हालचाल जास्त असल्याने तिथे हे अधिक घडते. फॉल्स सीलिंगपर्यंतच नेऊन सोडलेली भिंत याच कारणाने कच्ची राहते. तिला स्लॅबपर्यंत तिरपे टेकू द्यावे लागतात.

दुसरे संकट भिंतीच्या लांबीच्या दिशेने येते. खालच्या मजल्याच्या तुलनेत वरचा मजला बाजूला सरकतो. भारतीय मानक, इमारतीच्या आराखड्यात गृहीत धरलेल्या भूकंपबलांखाली, ही सरक मजल्याच्या उंचीच्या ०.००४ पटीपर्यंत चालवून घेते, म्हणजे तीन मीटरला १२ मिलिमीटर; मोठ्या भूकंपात प्रत्यक्ष सरक याच्या कितीतरी पट होऊ शकते. सांगाडा सरकतो आणि मध्ये घट्ट ठासलेली भिंत अडते. मग ठोकळ्यांच्या भिंतीत फुलीसारख्या तिरप्या भेगा पडतात. जिप्सममध्ये बोर्डांचे सांधे उघडतात, दाराच्या वरच्या कोपऱ्यातून चिरा निघतात, स्क्रूची डोकी बोर्डात घुसतात. दाराची चौकट वाकून दार अडकले, तर माणसे आत कोंडली जातात. माझ्या मते या विषयातली सर्वांत दुर्लक्षित बाब हीच आहे.

उपाय सांध्यात आहे. जिप्समच्या भिंतीत स्लॅबला खोल काठाचा चॅनल बसवून उभे चॅनल त्याला स्क्रू न मारता नुसते आत घालतात. बोर्डही स्लॅबपासून थोडा खाली थांबवतात. भिंत वरच्या चॅनलमध्ये घसरू शकते, पण पुढे-मागे पडत नाही. हे बाजूच्या कॉलमपाशीही करावे लागते, नाहीतर वरची मोकळीक वाया जाते. फट भरायला लवचीक सीलंट हवा, सिमेंट नव्हे. ‘फट राहिली’ म्हणून ती मसाल्याने बुजवणे ही आपल्याकडची नेहमीची चूक. ठोकळ्यांच्या भिंतीत ठरावीक उंचीवर सळईसह काँक्रीटची पट्टी घालतात आणि वरची कड पत्र्याच्या कोनांनी धरतात. बोर्डावर जड कपाट वा टीव्ही टांगायचा असेल, तर त्याचा आधार चॅनलला हवा, एकट्या बोर्डाला नाही.

कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत, विशेषतः सांगली-मिरज पट्ट्यात, माती फुगून-आटूनही भिंतींना भेगा जातात. त्या उन्हाळ्यात रुंदावतात आणि पावसाळ्यात मिटतात. धक्क्यानंतर एकदम उमटलेली, दाराच्या कोपऱ्यातून किंवा बोर्डाच्या सांध्यातून गेलेली चीर त्यांहून वेगळी. ती बुजवण्याआधी बोर्ड काढून मागचा कॉलम-बीमचा जोड अभियंत्याकडून तपासून घेतात.