ढोलाने न उठणारं बाळ रात्री दीडलाच का उठतं?

गणपतीच्या आधीचे दिवस होते. धाकट्या बहिणीचा रात्री पावणेदोनला मेसेज आला, "ताई, हा परत उठलाय." तिचा मुलगा नऊ महिन्यांचा, घर पुण्यात म्हात्रे पुलाच्या जवळ, आणि संध्याकाळी नदीकाठी ढोल पथकांचा सराव जोरात चालू. तर झालंय असं की साडेआठला अंगावर पीत पीत झोपलेलं हे बाळ त्या दणदणाटात साधी कूसही बदलत नाही आणि रात्री दीडला, सगळं चिडीचूप असताना, टक्क जागं होऊन रडायला लागतं. पाजलं की दहा मिनिटांत गप्प. परत साडेतीनला, परत पाचला.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं आता तुझं दूध पाण्यासारखं झालं, पोट भरत नाही त्याचं. रात्रीचं अंगावरचं बंद कर आणि झोपताना वाटीभर नाचणीचं सत्व दे." सासूबाईंनी मीठ-मोहरीने दृष्ट काढली. आणि इन्स्टाग्रामवर कोणीतरी सात दिवसांत बाळ रात्रभर झोपवण्याचा कोर्स विकत होतं, तो ती घेणारच होती, त्याआधी मला विचारलं यात खरं काय. फोनवर सगळं सांगून झालं नाही म्हणून लिहितेय.

आधी दुधाचं. सहा महिने झाले की अंगावरच्या दुधाचं पाणी होतं हे साफ चुकीचं आहे. १०० मिलीलिटरमागे साधारण ६५ ते ७० कॅलरी असतात आणि पहिल्या वर्षाच्या शेवटीही आकडा त्याच्या आसपासच असतो. पातळ दिसतं त्याचं कारण वेगळं, स्तन भरलेला असताना सुरुवातीला येणाऱ्या दुधात फॅट कमी असतं आणि तो रिकामा होत जातो तसं फॅट वाढत जातं, त्यामुळे पंपाने काढलेलं पहिलं दूध निळसर, पाणचट वाटतं. हां, नऊ महिन्यांच्या बाळाला नुसतं दूध पुरत नाही हे बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात ९ ते ११ महिन्यांत दुधाशिवाय दिवसाला साधारण ३०० कॅलरी वरच्या खाण्यातून जायला हव्यात, शिवाय लोह दुधात फारच थोडं असतं. म्हणून वरण-भात-तूप, खिमट, नाचणी, अंडं हे सगळं दिवसा मजेत चालू दे आणि दूध दोन वर्षं किंवा त्याहून जास्तही चालू राहू दे.

पण वाटीभर सत्वाने रात्रीचं उठणं थांबेल का? २०१५ साली ब्रिटनमधल्या स्वान्सी विद्यापीठाच्या संशोधकांनी ६ ते १२ महिन्यांच्या बाळांच्या ७१५ आयांना विचारलं. ७८.६ टक्के बाळं रात्री किमान एकदा नियमित उठत होती आणि ६१.४ टक्के रात्री एकदा तरी दूध पीत होती. अंगावर पिणारी आणि बाटलीने पिणारी यांच्यात फरक नाही. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते पुढचं, दिवसा जास्त खाणारी-पिणारी बाळं रात्री दूध कमी पीत होती पण उठत मात्र तेवढीच होती! म्हणजे भूक वेगळी आणि जाग वेगळी. आपण दोन्हींची गाठ मारून ठेवलीय.

मग जाग कशाची?

झोप दोन गोष्टींवर चालते असं एक मॉडेल स्वित्झर्लंडमधल्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडलं, ते अजूनही झोपेच्या शास्त्राचा पाया आहे. एक झोपेचा दाब, दुसरं शरीराचं घड्याळ. दाबाचं समजायला सोपं. रसवंतीगृहात चरकातून ऊस जातो, रस निघतो आणि बाजूला चोथ्याचा ढीग वाढत जातो, तसं मेंदू दिवसभर एटीपी नावाचं इंधन वापरतो आणि त्यातून उरलेलं ॲडेनोसिन मेंदूत साठत जातं. ढीग जितका मोठा तितकी झोप अनावर. झोपलं की ढीग हळूहळू साफ होतो. (चहा-कॉफीने झोप उडते ती कॅफीन या ॲडेनोसिनची जागा अडवून बसतं म्हणून. आईच्या दुधात ते थोडंसं उतरतं, आणि नवजात बाळाच्या शरीरातून निम्मं कॅफीन जायला तीन-चार दिवस लागू शकतात, पण सहा महिन्यांच्या पुढे ते मोठ्यांसारखंच काही तासांत जातं, तेव्हा बहिणीचे दोन कप चहा यात दोषी नाहीत.) बाळांचा हा ढीग मोठ्यांपेक्षा लवकर उंच होतो म्हणून तर त्यांना दिवसा डुलक्या लागतात.

साडेआठला ढीग सगळ्यात उंच असतो, त्यामुळे रात्रीचे पहिले काही तास गाढ झोपेचे. ढोलाने न उठण्याचं रहस्य एवढंच! दीडपर्यंत ढीग बराच उपसून झालेला असतो, आता झोप हलकी आणि स्वप्नांची जास्त. शिवाय झोप सलग नसतेच, ती फेऱ्यांनी येते. मोठ्यांची एक फेरी साधारण ९० मिनिटांची, बाळाची ५० ते ६०. प्रत्येक फेरीच्या शेवटी सगळेच किंचित जागे होतात, आपण चादर ओढून परत झोपतो आणि सकाळी ते आठवतही नाही. बाळ मात्र बघतं की झोपताना तोंडात आईचं दूध होतं, कुशीची ऊब होती, आणि आता आपण एकटे गादीवर आहोत. मग ते हाक मारतं. पुढचं काम दूध करतं, कारण चोखायला लागलं की बाळाच्या आतड्यातून कोलेसिस्टोकायनिन नावाचं हार्मोन सुटतं आणि त्याने गुंगी येते. आईच्या शरीरातही ते वाढतं, म्हणून पाजता पाजता तिचाही डोळा लागतो.

आता माझा आवडता भाग. दीडला दाब एवढा कमी झालाय तर बाळ उठून खेळायलाच का बसत नाही? कारण इथून पुढे झोप धरून ठेवतं ते घड्याळ. डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या बरोबर वर सुमारे २० हजार पेशींचे दोन छोटे पुंजके आहेत. त्यातली प्रत्येक पेशी स्वतःच एक घड्याळ आहे. पेशी एक प्रथिन बनवत राहते, ते पुरेसं साठलं की जाऊन स्वतःच्याच जनुकाला बंद करतं, मग हळूहळू मोडत जातं, संपत आलं की जनुक परत चालू. गच्चीवरच्या टाकीतल्या फ्लोटसारखं, पाणी चढलं की नळ बंद, उतरलं की चालू, आणि या एका चक्राला लागतात जवळपास २४ तास. फळमाश्यांमध्ये ही यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं.

हे घड्याळ रात्र झाल्याचं शरीराला कळवतं ते पिनियल ग्रंथीमार्फत, आणि तिथपर्यंतचा रस्ता इतका वळणाचा आहे की कितीही वेळा वाचला तरी मला नवल वाटतं. पिनियल मेंदूच्या मध्यात, तांदळाच्या दाण्याएवढी, घड्याळापासून काही सेंटिमीटरवर. पण संदेश सरळ जात नाही. तो पाठीच्या कण्यातून खाली छातीच्या वरच्या भागापर्यंत उतरतो, तिथून बाहेर पडून मानेतल्या मज्जातंतूंच्या एका गाठीत जातो आणि मग रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने परत वर डोक्यात चढतो! तिथे मज्जातंतूंच्या टोकाला नॉरॲड्रेनॅलिन नावाचं रसायन सुटतं, एएएनएटी नावाचं एन्झाइम जागं होतं, ते सेरोटोनिन या दुसऱ्या रसायनावर काम करतं आणि पुढच्या एका पायरीत मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं हार्मोन, तयार होतं. डोळ्यावर उजेड पडला की हीच साखळी तुटते आणि काही मिनिटांत मेलाटोनिन उतरायला लागतं. (या ग्रंथीला तिसरा डोळा म्हणून तो उघडून देण्याचे पैसे घेणारे वर्ग निघतात. काही मासे आणि सरड्यांमध्ये पिनियलच्या भागाला खरंच उजेड कळतो, माणसात मात्र तो फक्त आपल्या दोन डोळ्यांमार्फतच कळतो, त्यामुळे मुलांना असल्या वर्गांना घालू नका.)

आता याचा आणि दुधाचा संबंध. पोटात असताना बाळाला आईचं मेलाटोनिन नाळेतून मिळतं. जन्मल्यावर त्याचं स्वतःचं साधारण तिसऱ्या महिन्याच्या आसपास ताल धरतं. तोवर आणि नंतरही आईच्या रात्रीच्या दुधात मेलाटोनिन असतं, दिवसाच्या दुधात जवळजवळ नसतं. प्रमाण अगदी थोडं, मिलीलिटरमागे दहा-वीस-तीस पिकोग्रॅम, आणि पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग, त्यामुळे दुधाला झोपेचं औषध समजू नका. तरीही आईच्या डोक्यातलं घड्याळ दुधातून बाळापर्यंत वेळ पोचवतं हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं काही वाचूच शकले नाही.

म्हणून मी बहिणीला विचारलं, दीडला उठलीस की काय करतेस? ती ट्यूब लावायची, डायपर बघायची, पाजताना फोन बघत बसायची. म्हणजे जी एक गोष्ट बाळाला झोपेत धरून ठेवतेय तीच आपण बंद करतोय. लहान मुलं उजेडाला फार हळवी असतात, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाने ३ ते ५ वर्षांच्या मुलांना झोपायच्या आधी तासभर प्रखर उजेडात खेळवलं तर मेलाटोनिन जवळपास ८८ टक्के घसरलं.

तिच्या बाबतीत अजून एक गोष्ट होती. २६ आठवड्यांची रजा संपली आणि ती हिंजवडीला जायला लागली, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. बाळ आजीकडून काढून ठेवलेलं दूध जेमतेम पितं आणि राहिलेलं रात्री आईकडून वसूल करतं. अशा बाळाचं रात्रीचं एखादं पिणं ही खरोखरची भूक असते, ते एकदम तोडलं तर बाळ उपाशी राहतं आणि आईला गाठी होऊन ताप येऊ शकतो. शिवाय दूध साचून राहिलं की शरीर बनवणंच कमी करतं. कमी करायचंच असेल तर हळूहळू, दिवसाचं वाढवत.

दृष्ट काढण्याबद्दल सासूबाईंना मी काही बोलले नाही, पण इथे लिहिते. रात्री रडणाऱ्या बाळाला काय होतंय हे बघायचं सोडून आपण मोहरी जाळत बसलो तर कानाचं इन्फेक्शन, ताप, वजन न वाढणं, घोरणं हे सगळं निसटतं, तिथे डॉक्टरच लागतो. आणि "शांत झोपावं" म्हणून काहीबाही चाटवायची आपल्याकडे वाईट परंपरा आहे, एकेकाळी आई गिरणीत गेली की बाळाला अफूची बाळागोळी द्यायचे. आजही घुटीत मध घालतात, वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा होऊ शकते, बोटभरही नको.

कोर्स तिने घेतला नाही. ट्यूबच्या जागी लाल झिरोचा बल्ब लावला, फोन बाहेरच्या खोलीत ठेवला. आजी संध्याकाळी साडेसहापर्यंत झोळीत झोपू द्यायच्या, ती डुलकी आता पाचला संपते म्हणजे रात्रीसाठी चोथ्याचा ढीग शिल्लक राहतो. सकाळी सातला बाळ गॅलरीत, पावसाळी ढग असले तरी बाहेर काही हजार लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, ट्यूब लावलेल्या खोलीत शे-दोनशे. पाजणं आहे तसंच ठेवलं, फक्त घरी आल्या आल्या आणि निघताना एकेकदा जास्त.

परवाचा हिशोब असा, पहिली जाग तीनला, दुसरी साडेपाचला, दोन्ही वेळा पिऊन लगेच झोपला. मला तिचा मेसेज आता सकाळी येतो, गॅलरीत डोळे बारीक करून बसलेल्या त्याच्या फोटोसकट.